बस्त्यावरचा जय

लग्नाचा बस्ता फाडायला माणसं दुकानात येतात तेव्हा पहिला अर्धा तास कोणीच कापडाकडे बघत नाही, हे सुकदेव नानांनी चाळीस वर्षांत पक्कं ओळखलं होतं. आत्या मामीकडे बघत असते, मामी नवरदेवाच्या आईकडे, आणि नवरी खाली मान घालून सगळ्यांच्या पायांकडे. कोणाला काय हवंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, साडी नाकारायचा मान कोणाचा, हे सगळं चेहऱ्यांवर लिहिलेलं असतं. ते वाचून मगच नाना कपाटाकडे हात नेत. म्हणून तर जळगावात दुकानं कमी नसताना यावल-रावेरपासून धुळ्यापर्यंतची माणसं निर्मलकुमार शेठच्या दुकानात येत आणि पायऱ्या चढतानाच विचारत, "सुकदेव नाना आहेत ना?"

नाना मूळचे शिरपूर तालुक्यातले. विसाव्या वर्षी जळगावला आले ते या दुकानाच्या गादीवर बसले आणि तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. अंगात पांढरा सदरा, खिशात मोजपट्टी, कानामागे खडू. पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं स्वतःचं घर, एक जुनी स्कूटर, आणि घरी प्रमिलाबाई. मुलगी दिपमाला लग्न होऊन नाशिकला. एवढाच पसारा.

दुकानात तीन गाद्या होत्या. एकेका गादीवर एकेक लग्न. आणि या दुकानाची एक रीत होती, ती नानांनीच पाडलेली. बस्ता पुरा झाला की आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या, ब्लाउजपीस, वर नवरीचा शालू असं सगळं पांढऱ्या मांजरपाटाच्या चादरीत ठेवून नाना स्वतः गाठ मारत. गाठ मारण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारत, "आक्का, कोणाचं नाव घेऊ?" कोणी कानबाईचं सांगे, कोणी सप्तशृंगीचं, कोणी महावीर स्वामींचं, कोणी भीमरायाचं. डोंगरातली पावरा माणसं याहामोगीचं नाव घ्यायला लावत. नाना दोन्ही हातांनी चादरीची टोकं ओढत आणि मोकळ्या आवाजात त्या नावाचा जय घेत. आणि मग तिन्ही गाद्यांवरची माणसं "जय!" म्हणत. खरी गंमत तीच होती. ज्यांच्या लग्नाशी आपलं काही घेणंदेणं नाही, ज्या देवाचं नाव आपण आज पहिल्यांदा ऐकलं, त्याचाही जय माणसं सहज म्हणून टाकत. शेजारच्या गादीवरचं लग्न नीट लागो, एवढाच त्याचा अर्थ. निदान नाना तसं समजत आले होते.

त्या चैत्रात, मंगळवारी दुपारी, तिन्ही गाद्या भरलेल्या होत्या. पहिल्या गादीवर धुळ्याची पार्टी. नवरी पिंप्राळ्याची म्हणून बस्ता जळगावात. दुसऱ्या गादीवर यावलच्या पुढचे, सातपुड्याच्या पायथ्याचे सुभान तडवी, त्यांची बायको हाजराबाई, नात मदिना आणि घरच्या चार बायका. तिसरीवर पाचोऱ्याकडचे कोणी.

सुभान तडवी म्हणजे नानांचं सव्वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्या बहिणीचा बस्ता नानांनी बांधला, दोन मुलींचे बांधले, आता नातीचा. उंच, काळेसावळे, गळ्यात रुमाल. पायरी चढताना त्यांचा "राम राम, सुकदेवभाऊ" ऐकू आला की नाना बसल्या जागेवरून हात वर करत. थोरल्या मुलीच्या बस्त्याला सुभानभाऊंनी डोंगरावरच्या पीरबाबाचं नाव घ्यायला लावलं होतं, आणि त्या दिवशी पहिल्या गादीवरच्या सावद्याच्या पाटलीणबाईंनी सगळ्यांत मोठ्यानं "जय" म्हटलं होतं.

धुळ्याचा बस्ता आधी आटोपला. नवरदेवाच्या आईनं धनदाई मातेचं नाव सांगितलं. नानांनी जय घेतला, तिन्ही गाद्या बोलल्या. सुभानभाऊही बोलले, हाजराबाईंनी तर हातातली साडी खाली ठेवून म्हटलं. नाना गाठीचं दुसरं वेटोळं घेणार, तेवढ्यात नवरदेवाचा चुलतभाऊ भूषण उभा राहिला. पंचविशीचा, उमदा, सकाळपासून सगळ्यांना हसवणारा पोरगा. म्हणाला, "नाना, तुमचा आवाज आता म्हातारा झाला. आम्ही दाखवतो." आणि त्यानं हात उंचावून "जय श्रीराम" म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, या खेपेला त्याच्याबरोबरच्या तिघांनी आवाज चढवला. मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्या वेळी काहीतरी झालं. काय झालं ते नेमकं सांगणं अवघड आहे, कारण शब्द तेच होते. पण पहिल्या गादीवरच्या माना दुसऱ्या गादीकडे वळल्या. त्या वळल्या म्हणून तिसऱ्या गादीवरच्याही वळल्या. सुभान तडवींचं तोंड अर्धवट उघडं होतं. ते त्यांनी मिटलं.

"हाजरा, ऊठ," ते हळू म्हणाले. "उरलेलं मंग पाहू."

नाना म्हणाले, "अहो, शालू राहिला की! मदिनाताई, तो नारंगी..." पण मदिना आजोबांच्या मागून पायऱ्या उतरूनही गेली होती. निवडलेल्या एकवीस साड्या दुसऱ्या गादीवर तशाच पडल्या. लग्नाला अकरा दिवस राहिले होते.

संध्याकाळी दुकान आवरताना शेठचा मुलगा अखिल नानांपाशी आला. अखिल शांत डोक्याचा, हिशेबी, वडिलांपेक्षा कमी बोलणारा. म्हणाला, "नाना, वाईट वाटून घेऊ नका. पण आता हा जय बंदच करू. हळू आवाजात सनई लावून देऊ. कोणी दुखावणार नाही."

"पण भाऊ, जयामुळे दुखावलं का ते?"

"मग कशामुळे?"

निर्मलकुमार शेठ गल्ल्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं दुकानात कोणाला जय जिनेंद्र म्हणतो आणि कोणाला नमस्कार, ते कोणाकडे बघून ठरवतो? गिऱ्हाइकाकडे. देव तर मंदिरात गेल्यावर आठवतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "अखिल, तुझं बरोबर असेल. पण आधी तडवींचा बस्ता त्यांच्या घरी पोचू दे. तो असा कपाटात पडून राहिला तर मला बरं वाटणार नाही."

घरी नानांचं जेवणात लक्ष नव्हतं. प्रमिलाबाईंनी विचारलं, "काय व्हयनं? भाकर काबरं खात नही?"

"माले एक सांग. तू उठता-बसता राम म्हणस. कोनासाठे म्हणस?"

प्रमिलाबाईंनी जरासा विचार केला. "गुडघासाठे," त्या म्हणाल्या.

नानांना हसू आलं, पण प्रश्न काही गेला नाही. उलट वाढला. दुसऱ्या दिवशी ते दिवसभर कान देऊन ऐकत राहिले. स्मशानाकडे जाणारी माणसं रामाचं नाव घेत होती, आणि ते ऐकून रस्त्यावरचा माणूस बाजूला होत होता. रिक्षावाल्यानं काचेवर तेच नाव लिहून घेतलं होतं, त्याला विचारलं तर म्हणाला, "पोलीस जरा कमी अडवतात, नाना." चौकातल्या सभेत एक पुढारी भाषणाच्या सुरुवातीला जय म्हणाला आणि समोरचे किती जण म्हणतात ते बघायला थांबला, पुरेसा आवाज आला नाही म्हणून पुन्हा म्हणाला. त्या रात्री नानांनी प्रमिलाबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू सारा गावले इचारी राहिना. ज्याले इचारानं त्याले इचार ना!"

विचारायची संधी आपण होऊन आली. गुरुवारी भूषण एक साडी बदलायला दुकानात आला. आत्याबाईंना रंग पसंत पडला नव्हता. नानांनी त्याच्यापुढे सात-आठ साड्या टाकल्या, चहा मागवला आणि म्हणाले, "भूषणभाऊ, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचारा की नाना."

"परवा तू तीनदा जय म्हटलास. कोणासाठी?"

भूषण आधी हसला. "म्हणजे काय? देवासाठी." मग त्यानं नानांकडे पाहिलं. नाना भांडायला बसलेले नव्हते; साडीचा पोत बघावा तशा नजरेनं ते त्याच्याकडे बघत होते. भूषणनं चहाचा कप फिरवला. "पहिला खरंच मजेत म्हटला, नाना. भावाचं लग्न, आनंद झाला होता. दुसरा पोरं ओरडली म्हणून."

"आणि तिसरा?"

त्यानं कप खाली ठेवला. "ते समोर बसले होते ना... बघू म्हटलं, म्हणतात का."

"म्हटलं असतं तर?"

"तर काय? काही नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मी एवढा विचार केला नव्हता हो नाना," तो कळवळून म्हणाला. "तुम्ही काय उलटतपासणी घेताय! मी काय वाईट माणूस आहे का?"

"नाही रे बाबा. वाईट असतास तर विचारलंच नसतं." नानांनी राणी रंगाची साडी उलगडली. "ही घे आत्याबाईंना. गोऱ्या आहेत, खुलेल."

पायऱ्या उतरताना भूषण थांबला. "ते म्हातारबाबा परत आले का?"

"नाही."

"मी येऊ का बरोबर तुमच्या? सांगतो त्यांना."

नानांनी नको म्हणून मान हलवली. दोन दिवसांपूर्वी गादीवरचा पाहुणा म्हणून बघितलेला पोरगा आज अंगणात येऊन उभा राहिला तर सुभानभाऊ त्याला पाणी देतील, माफही करतील, पण ती माफीही त्या जयासारखीच त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखी होईल, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी नानांनी एकवीस साड्या, टॉवेल-टोप्या आणि तो नारंगी शालू स्कूटरच्या पुढे-मागे बांधला आणि यावलचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पुढे निळा डोंगर. रस्ताभर ते मनाशी शब्द जुळवत होते. पोरं आहेत, समज कमी, मनावर घेऊ नका. तुम्ही आमचे जुने माणूस. हे सगळं सांगायचं आणि बस्ता पुरा करून परतायचं.

सुभान तडवी ओट्यावर बसले होते. नानांना पाहून उठले आणि फक्त "या" म्हणाले. बाज टाकली. हाजराबाईंनी पाणी आणलं. नानांनी जुळवलेले सगळे शब्द एका दमात सांगून टाकले. सुभानभाऊंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मी रागावलो नाही, सुकदेवभाऊ."

"मग उठलात का?"

"राम राम तर आमी बापजाद्यापासून म्हनतो. त्याचं काय इतकं? मी तिसऱ्या टायमाले बी तोंड उघडलं व्हतं. मंग दिसलं का सारेच माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले." त्यांनी रुमालानं मान पुसली. "आता म्हनलं तं भेलो म्हनून म्हनलं. नाही म्हनलं तं मुद्दाम नाही म्हनलं. उघडं तोंड घेऊन मानूस किती वेळ बसीन?"

हाजराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. नानाही हसले आणि म्हणाले, "पोरंच ती..."

"पोरायचं मी काय मनावर घेत नाही. त्यायले मी वळखत नाही." सुभानभाऊ थांबले. "तुमी बी पाह्यलं."

नानांचा हात पाण्याच्या तांब्यावर होता तो तिथेच राहिला. ते त्यांना इतक्या दिवसांत आठवलं नव्हतं, आणि आता लख्ख आठवलं. चादरीची टोकं हातात धरून, मान वर करून, त्यांनी सगळ्यांच्या आधी दुसऱ्या गादीकडे पाहिलं होतं. चाळीस वर्षांची सवय. काही बिनसलं की नजर आधी चेहऱ्यावर जायची. आणि दुकानात सगळे जण नानांच्या नजरेमागे नजर नेत. नाना ज्या साडीकडे बघतील तिकडे आत्या-मामी बघत. माना वळल्या त्या कोणाच्या मागे वळल्या, हे त्यांना तिथे बाजेवर बसल्यावर कळलं.

"मी काळजीनं पाहिलं हो, सुभानभाऊ."

"आसंल ना. पन त्या घडीले मले कसं समजीन, कोनाचे डोये काळजीचे अन् कोनाचे कशाचे?"

नाना म्हणाले, "चुकलं माझं," आणि त्यापुढे काही जोडलं नाही.

सुभानभाऊंनी आत बघून हाक मारली, "मदिना, नाना आले. कपडे पाहून घे."

बायका जमल्या. हाजराबाईंनी साड्या एकेक करून पाहिल्या, एकवीसपैकी सोळा ठेवल्या. बाकी फैजपुरातून घेऊन झाल्या होत्या. शालूही घेऊन झाला होता. मदिनानं तो आतून आणून दाखवला. गर्द हिरवा. नानांनी काठ बोटांत धरून पाहिला. चांगला होता. दुसऱ्या दुकानाच्या मालाला नावं ठेवायची त्यांना सवय नव्हती, पण आत कुठेतरी टोचलं.

"रंग छान निवडला ताई तुम्ही."

"मला नारंगीच आवडला होता, नाना," मदिना पटकन म्हणून गेली आणि आजीकडे बघून गप्प झाली.

नाना आजोबांकडे बघणार होते. त्यांनी स्वतःला आवरलं आणि गठ्ठ्यातल्या घडीवर नजर ठेवली. सुभानभाऊच म्हणाले, "आनला का तो?"

"आणलाय."

"मंग ठेवा. हिरवा लगनाले नेसीन, नारंगी सासरी जातानी. एकच नात हाये लग्नाची औंदा."

चादर ओट्यावर पसरली. सोळा साड्या, टोप्या, वर नारंगी शालू. नानांनी टोकं उचलली, आणि मग हात थांबले. विचारावं की नाही? न विचारता गाठ मारली तर ते अखिलच्या सनईसारखं होईल, कोणी दुखावणार नाही असं. विचारलं तर? शेवटी त्यांनी हाजराबाईंना विचारलं, खाली चादरीकडेच बघत, "आक्का, कोणाचं नाव घेऊ?"

हाजराबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी सांगा."

शेजारचा एक म्हातारा ओट्याला टेकून उभा राहिला. दोन बायका दारात आल्या. सुभानभाऊ डोंगराकडे बघत होते, तेव्हा नानांना वाटलं पीरबाबाचंच नाव येणार. पण ते म्हणाले, "पोरीचं घ्या."

"कोणाचं?"

"मदिनाचं. लगीन तिचंच हाये ना?"

नानांनी आयुष्यात देवाशिवाय कोणाचा जय घेतला नव्हता. पुढाऱ्याचाही नाही. त्यांना ते कसं म्हणायचं तेच कळेना. त्यांनी घसा साफ केला, टोकं ओढली आणि म्हणाले, "मदिनाबाई की..." आणि पुढे अडखळले, कारण मदिनानं "अगं बाई" म्हणून दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, आणि दारातल्या बायका हसू आवरत नव्हत्या. हाजराबाईंनीच "जय!" म्हटलं. मग शेजारच्या म्हाताऱ्यानं. सुभानभाऊंनी म्हटलं की नाही ते हसण्याच्या गलक्यात कळलं नाही. गाठ जरा वाकडी बसली.

निघताना सुभानभाऊ रस्त्यापर्यंत आले. लग्नाला या म्हणाले, तारीख दोनदा सांगितली. दुकानात पुन्हा येतो असं काही म्हणाले नाहीत, आणि नानांनीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडताना नाना अखिलला म्हणाले, "भाऊ, तुम्ही म्हणता तर जय बंद करतो. माझा हट्ट नाही. पण आजचा एक दिवस मला वेगळ्या तऱ्हेनं करू द्या. बरा नाही वाटला तर उद्या सनई."

"वेगळ्या तऱ्हेनं म्हणजे?"

"ते मलाही नीट माहीत नाही अजून."

अखिल हसला. "बघू. एक दिवस."

दुपारी एरंडोलची पार्टी होती. दुसऱ्या गादीवर भुसावळचं एक कुटुंब, तिसऱ्या गादीवर तीन बायका. कोण, कुठल्या, ते नानांनी विचारलं नव्हतं. एरंडोलच्या आजींनी कानबाईचं नाव सांगितलं. नानांनी टोकं हातात घेतली आणि तिन्ही गाद्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंडळी, एक काम करा. नाव घेतो तेव्हा आपापल्या पुढ्यातल्या कापडाकडे बघा. शेजारच्याकडे नाही. ज्याला म्हणायचं त्यानं म्हणावं."

"का हो नाना?" एरंडोलच्या आजी म्हणाल्या. "आमच्या तोंडाला काय झालंय?"

"तोंड छान आहे आजी. पण साडी बदलायला उद्या पुन्हा यायला नको, आत्ताच नीट बघून घ्या."

माणसं हसली. विक्रीची काही नवी युक्ती असेल असं समजून सगळ्यांनी माना खाली घातल्या. गल्ल्यावरून शेठनीही चष्मा काढून वहीत डोकं घातलं. नानांनी स्वतःची नजर गाठीवर ठेवली. ते त्यांना फार जड गेलं; चाळीस वर्षं वर जायची सवय लागलेली मान खाली ठेवायला गळ्याच्या शिरा ताणाव्या लागल्या. त्यांनी जय घेतला. आवाज आला, बराच आला. कोणत्या गादीवरून किती आला, कोण म्हणालं आणि कोण गप्प राहिलं, ते मात्र या वेळी सुकदेव नानांना काही सांगता आलं नसतं.